आंबील, धपाटे आणि वाइनची बाटली: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. उन्हाळ्यात चार माणसं बोलावून संध्याकाळी जेवण्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यात पन्हं, आंबील, धपाटे यांच्यासोबत नाशिकच्या वाइनचाही उल्लेख होता. तुम्ही लिहिलंत की ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात हे कौतुक शोभत नाही. वाइन आपली नाही, आणि तिच्याशिवाय जमत नाही का? गावोगावच्या बाया दारूची दुकानं बंद पाडायला झगडतात आणि मी बाटलीचे फोटो टाकते. आणि शेवटी विचारलंत, "एवढा घाट घालायचा कोणी? घरातल्या बाईनंच ना?"

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तोच घेते.

एका बाईनं शेगडीपुढे घामानं निथळायचं आणि बाकीच्यांनी गच्चीवर वाऱ्याला बसून "वा, काय चव आहे" म्हणायचं, असल्या पाहुणचाराला माझाही विरोध आहे. करणारी पंगतीत बसली नाही तर ती पंगत मी मानतच नाही. आणि नेमकं याच कारणासाठी मी माणसं उन्हाळ्यात बोलावते. आपल्याकडचा उन्हाळी स्वयंपाक बराचसा आधी करून ठेवण्याचा आहे. कुरडया, सांडगे, पापड्या मार्च-एप्रिलच्या उन्हात वाळून डब्यात गेलेल्या असतात. तेही काम एकटीचं कधीच नव्हतं. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो घोटून शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं घालून मोकळं व्हायचं. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे, असं करत गल्लीतल्या बायका मिळून हे उरकतात, आणि दमलेल्या प्रत्येकीच्या हातात गरम चिकाची वाटी येते, दूध-साखर घालून. माझ्या लेखी उन्हाळ्यातली पहिली मेजवानी तीच.

आता संध्याकाळचं जेवण बघा. धपाटे सकाळच्या गारव्यात होतात. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, तीळ, ओवा, लसूण-मिरची आणि कोथिंबीर, सगळं ताकात भिजवलेलं. आपण ते प्रवासाला बांधून नेतो, दुसऱ्या दिवशीही चांगले लागतात, मग संध्याकाळपर्यंत टिकायला काय झालं? तक्कूला फोडणीपुरताच जाळ लागतो. कैरी किसायची, कांदा, गूळ, तिखट, मीठ, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. पन्ह्याच्या कैऱ्या आदल्या दिवशी उकडून, गर गुळात कालवून ठेवता येतो. आंबिलीचं पीठ तर आदल्या रात्रीच भिजायला हवं, नाहीतर ती आंबील होत नाही. माणसं यायच्या वेळी फक्त कुरडया तळायच्या राहतात, आणि त्या कोणीही तळू शकतं. माझ्याकडे बहुतेक वेळा एखादा पाहुणाच तळतो. कैऱ्या किसायला पुरुषांना बसवते. माठ, पातेली, पेले मधोमध ठेवलेले असतात. ज्याचं त्यानं घ्यायचं. वाढपी म्हणून कोणी उभं राहत नाही.

पाण्याबद्दल. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी लातूरला पोचली, 10 वाघिणींत 5 लाख लिटर पाणी घेऊन. तो उन्हाळा आपल्यापैकी कोणीच विसरणार नाही. पण ताई, मी ज्या पदार्थांबद्दल लिहिते, ते कमी पाण्याच्या मुलखाचेच पदार्थ आहेत. रब्बीची ज्वारी काळ्या रानात पावसाळ्यानंतर उरलेल्या ओलीवर येते. तिच्या पिठाचे धपाटे, तिचीच आंबील. द्राक्षाला पाणी लागतं, हे खरं. जालन्याजवळच्या कडवंचीनं पाणलोटाची कामं करून, शेततळी खोदून, ठिबकवर द्राक्षबागा उभ्या केल्या. ती खायची द्राक्षं आहेत, वाइनची नव्हेत. पण दुष्काळी गावानं द्राक्ष कसं सांभाळावं हे तिथे दिसतं. पाण्याचा हिशेब मांडायचाच तर शेतात 12 ते 18 महिने उभ्या राहणाऱ्या उसापासून मांडू. रसवंतीवर लेकरांना ग्लासभर रस पाजताना आपल्याला कोणी जाब विचारत नाही.

दारूबंदीचा मुद्दा मला लागला, कारण त्या बायांच्या बाजूनं मीही आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं, हा अधिकार त्यांनी मारझोड, कर्ज आणि उपाशी लेकरं बघून वापरला आहे. म्हणून मी वाइनला आरोग्याचं पेय कधीच म्हणत नाही. मद्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे. माझ्या घरी 750 मिलिलिटरची एक बाटली सहा जणांत उघडते. दुसरी नसते. दिवस मावळल्यावर, पोटात अन्न गेल्यावर, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून. उन्हातून आलेल्या माणसाला तर मुळीच नाही, कारण मद्यानं लघवीवाटे पाणी जास्त जातं. त्याला मिठाचं ताक किंवा पन्हं. राज्यात वाइन प्यायला कायद्यानं वय 21 लागतं, तेही पाळते. आणि नको म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

राहिलं "आपली नाही" हे. आपली आहे असा माझा दावा नाहीच. ताटात ती कुठे बसते आणि कुठे नाही, एवढंच मी चवीनं बघते. शेनिन ब्लाँ ही हलकी, आंबटसर पांढरी वाइन गार करून धपाटे आणि तक्कूबरोबर छान लागते. कैरीच्या आंबटपणाला तिचा आंबटपणा जुळतो. आमरसाबरोबर ती वाया जाते, गोडापुढे नुसतीच आंबट लागते. ठेच्याबरोबर घेऊच नये. मिरचीचा दाह मद्यानं वाढतो. तिथे आंबील किंवा ताकच हवं, कारण ताकातलं प्रथिन मिरचीचा तिखट अंश धरून जिभेवरून उतरवतं. जड तांबडी वाइन मी मे महिन्यात उघडतच नाही. वीज गेली तर बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळून वाऱ्याच्या खिडकीत ठेवते. आपली हवा कोरडी, म्हणून माठ गार होतो तशी तीही बऱ्यापैकी गार होते. मुंबईच्या दमट हवेत हे तितकं जमत नाही.

आणि वाइनशिवाय जमत नाही का, असं विचारलंत. उत्तम जमतं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-धाराशिवकडे शेतात कडब्याची कोप (खोपटं) उभी राहते, बिंदगीत (लहान घागरीत) आंबील येते, भज्जी (कडधान्यं-भाज्यांची मिसळ भाजी) आणि उंडे (पिठाचे वाफवलेले गोळे) वाढले जातात, आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. माणसं बोलवावीत कशी, हे मी त्या शेतातल्या पंगतीवरून शिकले. तिथे वाइनची कोणाला आठवणही होत नाही. पण ती मार्गशीर्षातल्या थंडीतली पंगत. उन्हाळ्यातही असं एकत्र बसावं, एवढ्यासाठी माझा हा सगळा खटाटोप आहे.

तुम्ही लातूरच्या आहात, तर एक विचारते. येळवशीची आंबील तुमच्याकडे पीठ शिजवून करतात की नुसती ताकात आंबवून? आणि उन्हाळ्यात तीच करता, की पातळ करून लसूण-जिरं वाढवता? सविस्तर लिहा. करून बघेन आणि कशी झाली ते इथेच सांगेन.