दिवस गेले म्हणून फिटची गोळी थांबवू नका

माझ्या वहिनीला सहावा आठवडा होता. तेव्हा तिच्या मोबाइलवर एक फॉरवर्ड आला आणि ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, आज रात्रीची गोळी घेऊ की नको?" मेसेज थोडक्यात असा: फिटच्या सगळ्या गोळ्यांनी बाळाला व्यंग येतं, म्हणून दिवस राहताच त्या बंद करा, डॉक्टर डोस वाढवतात तो कमाईसाठी, सिझर करावंच लागतं, अंगावर पाजू नका, फिट आली तर कांदा हुंगवा आणि दातांत चमचा घाला.

पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. व्हॅल्प्रोएट हे फिटवरचं औषध गरोदरपणात खरंच घातक आहे. ते घेणाऱ्या आयांच्या १०० पैकी साधारण १० बाळांत मोठं व्यंग आढळतं आणि ३० ते ४० मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात अडचणी दिसतात. पण लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरॅसिटॅम या फिटच्याच दुसऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत व्यंगाचं प्रमाण १०० मागे दोन-तीन, म्हणजे कोणतीही गोळी न घेणाऱ्या आयांच्या जवळपास. सगळ्या गोळ्यांना एकाच माळेचे मणी समजायचं, हीच या मेसेजची मोठी चूक. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा वैद्यकीय संस्थेत १९९८ पासून अशा गरोदर बायकांची नोंद ठेवली जाते. तिथल्या नोंदींतही बहुसंख्य बाळं निरोगीच आहेत.

आता 'दिवस राहताच बंद करा'. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते; ती नीट मिटली नाही तर व्यंग राहतं. पाळी चुकली, तपासणी केली, घरात सांगितलं, इतक्यात तो काळ जवळजवळ सरलेला असतो. म्हणून औषध बदलायचं आणि फॉलिक अॅसिड सुरू करायचं ते मूल हवं असं ठरवताना, डॉक्टरांना विचारून. मध्येच गोळी तोडली तर मोठी फिट येऊ शकते, एकामागून एक येऊ शकतात. आई पोटावर पडते, तिचा प्राणवायू घटतो, बाळाचाही. झोपेत अचानक मृत्यूही होतो. व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस गेले तरी स्वतःहून बंद करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

गोळ्या सुटण्यामागे मला आणखी एक कारण दिसतं, ते म्हणजे लपवाछपवी. सासरी कळू नये म्हणून गोळ्या तांदळाच्या डब्यात जातात आणि पाहुणे आले की डोस चुकतो. लग्नासाठी अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, नसावा ही हिंदू विवाह कायद्यातली अट १९९९ मध्येच काढून टाकली आहे. घरातल्या मोठ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

डोस वाढतो तो कमाईसाठी नव्हे. गरोदरपणात शरीर लॅमोट्रिजिन फार वेगाने बाहेर टाकतं. रक्तातली पातळी खाली येते आणि जुना डोस पुरत नाही. बाळंतपणानंतर तो पुन्हा कमी करावा लागतो, हेही विसरू नये.

नुसत्या फिटच्या आजारासाठी सिझर लागत नाही. अंगावर जरूर पाजावं. बाळाने नऊ महिने ते औषध वारेतून घेतलेलंच असतं. फिनोबार्बिटोनसारख्या गोळीने बाळ फार झोपाळू वाटलं, दूध ओढेना, तर मात्र दाखवावं. रात्रीचं एखादं दूध काढून ठेवून दुसऱ्या कुणी पाजलं तर उत्तम, कारण झोपमोडीने फिट येते. बाळाचे कपडे जमिनीवर बसून बदलावेत आणि एकटीने त्याला न्हाऊ घालू नये.

कांदा, चप्पल, चमचा काही नको. तोंडात काहीही घालू नका. तिला डाव्या कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. आणि पाचव्या महिन्यानंतर आलेली फिट थांबली तरी घरी बसू नका. जुना आजार असला तरी ती वाढलेल्या रक्तदाबाची असू शकते. तिचा उपाय वेगळा, मॅग्नेशियम सल्फेट या औषधाचा, आणि तो दवाखान्यातच मिळतो.