तालमीतली मालीश आणि आईचा खांदा

स्पोर्ट्स मसाजवरचा, म्हणजे स्नायूंवर दाब देऊन करायच्या मालीशीवरचा, एक लेख वाचला. ती फक्त खेळाडूंसाठी नाही, हा त्यातला मुद्दा शंभर टक्के पटला. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमीत जोर-बैठका आणि लढती झाल्या की पोरं एकमेकांचं अंग रगडून देतात. मांडीला तेल लावून तळहाताचा भार देत गुडघ्याकडून वर जायचं, हे मी बाराव्या वर्षीच शिकलो.

पण त्याची खरी किंमत आईमुळे कळली. ती तीस वर्षं शिलाई मशीनवर बसते. उजव्या खांद्याच्या पात्याजवळ सुपारीएवढी गाठ हाताला लागायची. मागे बघायचं तर आई अख्खी वळायची. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिथे अंगठा दाबून धरला, आईला सावकाश श्वास सोडायला लावला, आणि हळूहळू स्नायू सैल पडला. चार-पाच वेळा गेल्यावर मान वळू लागली. टिकलं मात्र त्यांनी दिलेल्या रोजच्या व्यायामामुळे.

एक दुरुस्ती हवी. मसाजने लॅक्टिक ॲसिड (जोरदार व्यायामात स्नायूंत तयार होणारं आम्ल) निघून जातं असं लेखात आहे, ते बरोबर नाही. व्यायामानंतर साधारण तासाभरात शरीर ते स्वतःच वापरून टाकतं. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं स्नायूंतल्या बारीक इजांमुळे असतं आणि मसाजने ते थोडं हलकं होतं. एवढंही पुष्कळ आहे.

आणि कृपा करून ताज्या मुरगळीवर चोळू नका, पहिले दोन दिवस तरी. एकाच पोटरीला सूज आणि गरमपणा असेल तर आधी डॉक्टर गाठा, आत रक्ताची गुठळी असू शकते.