ग्राहकाचा विश्वास आणि सेन्सेक्स: शोरूमच्या टेबलावरून

परवा रात्री भाच्याचा फोन आला. पुण्यात नोकरी करतो, तीन वर्षं नेमाने एसआयपी भरतोय, म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम. म्हणाला, "मावशी, लोकांचा विश्वास घसरलाय म्हणे, रिझर्व्ह बँकेचाच सर्व्हे आहे. सगळं काढून घेऊ का?" त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहिते. हाच प्रश्न मीही एकदा स्वतःला विचारला होता आणि त्याचं चुकीचं उत्तर दिलं होतं.

मी कराडजवळच्या एका दुचाकी शोरूममध्ये अठरा वर्षं अकाउंट्स बघते. लोकांचा विश्वास मला रिपोर्टाआधी टेबलावर दिसतो. तो असतो तेव्हा माणूस बायकोमुलांना घेऊन येतो, रंगावरून घरातच वाद होतात आणि "पाडव्याला डिलिव्हरी नक्की ना?" एवढंच विचारलं जातं. तो गेला की माणूस एकटा येतो, कोटेशन घेतो, हप्ता किती बसेल ते दोनदा विचारतो, कागदाची घडी करून खिशात ठेवतो आणि परत येत नाही.

अशी न परतलेली कोटेशनं २०१८ च्या दिवाळीनंतर वाढायला लागली. त्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागायला लागला. त्याच सुमारास आयएल अँड एफएस ही मोठी कर्ज देणारी कंपनी कोसळली आणि फायनान्सवाल्यांनी हात आखडता घेतला. पुढे बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा कडक नियम आला, किमती आणखी चढल्या. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, म्हणजे देशभरच्या लॉकडाउनचा पहिला दिवस. पाडव्यासाठी बुक झालेल्या गाड्या शटरच्या आतच उभ्या राहिल्या. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला झाला आणि दुसऱ्याच संध्याकाळपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध. २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी ११ लाखांच्या आसपास दुचाकी विकल्या गेल्या होत्या. २०२१-२२ मध्ये तो आकडा १ कोटी ३५ लाखांवर आला.

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी शहरांमधल्या कुटुंबांना पाच गोष्टी विचारते: अर्थव्यवस्था, नोकऱ्या, महागाई, उत्पन्न आणि खर्च. वर्षापूर्वीपेक्षा बरं आहे की वाईट? १०० च्या वर म्हणजे समाधानी जास्त, खाली म्हणजे नाराज जास्त. मार्च २०१९ मध्ये हा सद्यस्थितीचा निर्देशांक १०४.६ होता. मे २०२१ मध्ये तो ४८.५ वर गेला. सर्व्हे सुरू झाल्यापासून इतका खाली तो कधीच गेला नव्हता.

ती बातमी मी वाचली आणि मला ती शंभर टक्के खरी वाटली, कारण समोर शोरूम रिकामं होतं. ओळखीची माणसं जात होती, दवाखान्याच्या बिलांसाठी लोक दागिने गहाण ठेवत होते. अशा दिवसांत शेअर बाजार कसा टिकेल? मुलीच्या शिक्षणासाठी चालवलेली एसआयपी मी बंद केली, जमलेले पैसे काढले आणि पाच टक्क्यांच्या आसपासच्या एफडीत ठेवले. सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, तेव्हा ५२ हजारांच्या आसपास होता. २४ सप्टेंबरला तो ६० हजारांच्या पार गेला. माझं टेबल तोवरही फारसं हललेलं नव्हतं.

हे का झालं, हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला. सर्व्हेतला माणूस मागच्या वर्षाशी तुलना करतो, बाजार पुढच्या दोन-तीन वर्षांच्या नफ्याची किंमत आजच लावतो. शिवाय सेन्सेक्समध्ये जेमतेम ३० कंपन्या. त्यातल्या आयटीवाल्यांची कमाई बहुतेक डॉलरमध्ये, तिचा कराडच्या गिऱ्हाइकाशी संबंधच नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला, मे २०२० मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ४ टक्क्यांवर आला. आमच्या गल्लीतली छोटी दुकानं बंद पडली, त्यांचा धंदा मोठ्यांकडे गेला. लोकांचे हाल आणि या कंपन्यांचे नफे एकाच वेळी वाढू शकतात. मला हे पचायला जड गेलं, अजूनही जातं.

बरं, हा विश्वासाचा निर्देशांक धोक्याची घंटा तरी वाजवतो का? मार्च २०२० च्या फेरीत तो ८५.६ होता, जानेवारीपेक्षा किंचित वर! आणि २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून जास्त अंकांनी पडला. "१०० च्या वर आला की परत घेऊ" असं म्हणून मे २०१९ पासून कोणी थांबला असता, तर मार्च २०२४ लाही थांबलेलाच असता. निर्देशांक ९८.५, सेन्सेक्स ७३ हजारांच्या वर.

अमेरिकेतही हेच दिसतं. मिशिगन विद्यापीठाचा असाच सर्व्हे तिथे १९४० च्या दशकापासून चालू आहे. जानेवारी २००० मध्ये त्याचा निर्देशांक ११२ वर होता, लोक कमालीचे खूश. मार्चमध्ये नॅस्डॅक या तिथल्या शेअर निर्देशांकाने शिखर गाठलं आणि २००२ च्या ऑक्टोबरपर्यंत तीन चतुर्थांशाहून जास्त गमावलं. उलट जून २०२२ मध्ये पेट्रोल महाग झालं, निर्देशांक ५० वर, तोवरचा नीचांक. तिथला बाजार ऑक्टोबरपर्यंत रखडला, मग वर निघाला.

म्हणून सर्व्हे निरुपयोगी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. मी तो दर वेळी वाचते, पण एकूण आकड्यावर थांबत नाही. खर्च वाढला असं उत्तर आलं की ते निर्देशांकाला वर नेतं. पण तेल, गॅस, शाळेची फी महागली म्हणून खर्च वाढला असेल तर त्यात कसला आला विश्वास? सर्व्हेत गरजेचा आणि बिनगरजेचा खर्च वेगळा दिलेला असतो. मी आधी बिनगरजेचा बघते, मग उत्पन्न. या दोन्ही ओळी वर सरकल्या की आमच्याकडे माणसं घरच्यांना घेऊन यायला लागतात. देशातल्या ग्राहकावरच जिची मदार आहे अशा कंपनीचा शेअर घेणाऱ्याने या ओळी जरूर बघाव्यात. बजाजला निर्यातीचा मोठा आधार होता, पण देशातल्या विक्रीवर उभ्या असलेल्या हीरोच्या शेअरची २०१८ ते २०२२ या काळात दमछाकच झाली, सेन्सेक्स पळत असताना.

भाच्याला मी एवढंच विचारलं, "हे पैसे तुला कधी लागणार आहेत?" म्हणाला, "घरासाठी, सात-आठ वर्षांनी." "आणि तुझी नोकरी? पगार वेळेवर होतोय?" होतोय म्हणाला. सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का, हे विचारल्यावर मात्र गप्प झाला. मग आम्ही बाजार सोडून त्यावरच अर्धा तास बोललो. एसआयपी चालू ठेवलीय त्याने, आणि या महिन्यापासून एक आवर्ती ठेवही उघडतोय.