अनुदान दुकानाला नको, मुदतीला द्या

मी सॅन फ्रान्सिस्कोत राहते. पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींशी फोनवर बोलताना हल्ली एक मागणी बऱ्याचदा कानावर येते. वाढत्या भाड्यापायी गल्लीतली जुनी दुकानं बंद पडतायत, महापालिकेनं त्यांना अनुदान द्यावं. आणि लगेच पुढचं वाक्य, "तुमचं सॅन फ्रान्सिस्को देतंच की!" देतं, हे खरं. पण का देतं, कशासाठी देतं आणि नेमकं कोणाला देतं, हे न बघता ती योजना उचलून महाराष्ट्रात आणली, तर पैसाही जाईल आणि दुकानंही जातील अशी मला भीती वाटते.

आधी 'का' ते सांगते. कॅलिफोर्नियात दुकानांच्या भाड्याला मर्यादा घालण्याचा अधिकार शहरांना नाही. शेजारच्या बर्कलीनं १९८०च्या दशकात एल्मवुड भागात तसा प्रयत्न केला होता. राज्यानं १९८७ मध्ये कायदा करून तो रस्ताच बंद केला. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोनं हातात उरलेलं साधन वापरलं. २०१५ मध्ये जुन्या व्यवसायांची अधिकृत नोंदणी सुरू झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी 'प्रपोझिशन जे' हा प्रस्ताव मंजूर करून तिला निधी जोडून दिला. शहरात तीस वर्षं चाललेला, वस्तीच्या इतिहासाचा भाग झालेला व्यवसाय यात बसतो. जागा सोडावी लागण्याचा मोठा धोका असेल, तर वीस वर्षंही पुरतात. क्लेमेंट स्ट्रीटवरचं ग्रीन अॅपल बुक्स हे १९६७ पासूनचं पुस्तकांचं दुकान सुरुवातीच्या नोंदींपैकी एक.

मूळ योजनेत पैशाचे दोन भाग होते. दुकानदाराला वर्षाला दर पूर्णवेळ कर्मचाऱ्यामागे ५०० डॉलरपर्यंत. आणि जो जागामालक अशा दुकानाला किमान दहा वर्षांचा करार करून देईल, त्याला वर्षाला चौरस फुटामागे ४.५० डॉलरपर्यंत. भारतातल्या बातम्यांमध्ये पहिला भाग येतो, दुसरा गळून पडतो. माझ्या मते खरी अक्कल दुसऱ्या भागात आहे.

हिशोबच करून बघा. तीन माणसं कामाला असलेल्या दुकानाला वर्षाला १,५०० डॉलर मिळाले, तर या शहरात त्यातून अर्ध्या महिन्याचं भाडंही सुटेल का, शंका आहे. शिवाय करार संपायला आला असेल, तर हे पैसे दुकानदाराच्या खिशात राहतच नाहीत. मालकाला माहीत असतं की याच्याकडे चार पैसे जास्त आलेत. पुढच्या वाटाघाटीत ते भाड्यात मिळून जातात. मालकाला दिलेल्या रकमेच्या बदल्यात मात्र शहर काहीतरी विकत घेतं: दहा वर्षं.

ही दहा वर्षं किती मोलाची असतात, ते मला इथल्या आयर्व्हिंग स्ट्रीटवरच्या एका चांभाराच्या दुकानात कळलं. साठी ओलांडलेले गृहस्थ, हाताखाली दोन माणसं, काउंटरमागे बुटांचे तळ शिवणारं आणि घासणारं जुनं यंत्र. त्यांच्या इमारतीची विक्री झाली होती. त्यांनी माझ्यासमोर दोन कागद ठेवले, विक्रीच्या आधीचा आणि नंतरचा. भाडं दोन्हीकडे तेच. पण खालच्या 'मालमत्ता कर' या ओळीतला आकडा जवळजवळ चौपट. इथल्या बहुतेक दुकानांच्या करारात कर, विमा आणि दुरुस्ती भाडेकरूच्या माथी असते. त्यात १९७८च्या 'प्रपोझिशन १३'नुसार इमारतीचं करासाठीचं मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही, पण इमारत विकली गेली की ते एकदम नव्या किमतीवर जातं. म्हणजे व्यवहार दोन मालकांमध्ये होतो आणि त्याचा भुर्दंड चांभारावर पडतो.

मी अनुदानाबद्दल विचारलं तर ते म्हणाले, "चेक आला तर घेईनच. पण मला यंत्र बदलायचंय. त्याचं कर्ज सात वर्षांचं आणि माझा करार उरलाय दोन वर्षांचा. बँक आधी करार मागते."

हे ऐकल्यापासून भाड्याच्या चर्चेत मी किती रुपये, किती डॉलर हे नंतर विचारते. मुदत किती, हे आधी विचारते.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडे या वादात दोन तट पडलेत आणि दोन्ही बाजूंना आपलंच दुखणं दिसतं. एकीकडे पागडीची दुकानं, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन पुढे जुन्या भाड्यावर राहिलेली. १९४७च्या भाडे कायद्यानं गोठलेली भाडी सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये अवाजवी ठरवली. मग आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ ठेवली, पण ती मुळात क्षुल्लक रकमेवर. गिरगाव-दादरच्या कित्येक जुन्या इमारतींत आजही दुकानाच्या भाड्यातून मालकाला जिन्याची डागडुजी परवडत नाही. दुसरीकडे लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर, बसलेला नवा दुकानदार: भरमसाट डिपॉझिट, दरवर्षी ठरलेली वाढ आणि करार संपला की थेट बाजारभाव. एकाला कायमचं संरक्षण, दुसऱ्याला काहीच नाही. मध्ये जी जागा आहे, दहा-बारा वर्षांची वाजवी, आधीच माहीत असलेली मुदत, ती आपण रिकामीच ठेवली आहे.

पागडी एका फटक्यात संपवा म्हणणाऱ्यांनी स्पेनकडे पाहावं. तिथे १९९४च्या कायद्यानं दुकानांच्या जुन्या गोठलेल्या भाड्यांपैकी बऱ्याच करारांना वीस वर्षांची मुदत दिली, ती २०१४ अखेर संपली. वीस वर्षं काही कमी नाहीत. पण त्या काळात या दुकानांना हळूहळू बाजाराच्या भाड्याकडे नेणारी वाट फारशी कोणी बांधली नाही, आणि बार्सिलोना-माद्रिदमधल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुकानांना एकदम टाळं लागलं. त्यानंतर ऐतिहासिक दुकानांच्या याद्या करून फारसं काही हाती लागत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की, दीर्घ मुदतीला आपलं सरकार स्वतःच दंड लावतं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार ६० महिन्यांपर्यंत असेल तर मुद्रांक शुल्क जवळपास नगण्य, एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. साठ महिन्यांच्या पुढे गेलात की करार भाडेपट्ट्यासारखा धरला जातो आणि शुल्क जागेच्या बाजारमूल्याच्या हिशोबानं लागतं. मग कोण शहाणा मालक किंवा भाडेकरू दहा वर्षांचा कागद करेल? दोघंही पाच वर्षांवर थांबतात, आणि पाच वर्षांनी दुकानदार पुन्हा इस्टेट एजंटच्या दारात. अनुदानाची तिजोरी उघडण्याआधी छोट्या दुकानांपुरती ही अट काढली, तर खजिन्यातून एक रुपयाही बाहेर काढावा लागणार नाही. आज छोट्या दुकानांचे दहा वर्षांचे करार फारसे होत नाहीत, तेव्हा त्यावरचं शुल्कही फारसं जमा होत नसणार.

त्यापुढे खरंच पैसा द्यायचाच असेल, तर तो मिळकतकरातून द्यावा. पुण्यात मालक स्वतः घरात राहत असेल तर ४० टक्के सवलत मिळते. ती मध्यंतरी काढली, लोकांनी आरडाओरडा केला आणि २०२३ मध्ये राज्य सरकारला ती परत द्यावी लागली. म्हणजे कर सोडून एखादी गोष्ट जपायची, हे पुणेकराला नवीन नाही. दहा वर्षांचा नोंदणीकृत करार, वार्षिक वाढ आधीच लिहिलेली आणि कराचा वाढीव बोजा भाडेकरूवर न टाकण्याची हमी, एवढं जो मालक देईल त्याला करात सवलत द्या. करार मोडला की सवलत व्याजासकट वसूल करा. आयर्व्हिंग स्ट्रीटवरच्या चांभाराला पेचात टाकणारी ती करवाढीची ओळ आपल्याकडे पहिल्या दिवसापासून बंद करता येईल.

कोणाला द्यायची, हा प्रश्न येणारच. सॅन फ्रान्सिस्कोत महापौर किंवा नगर पर्यवेक्षक (आपल्या नगरसेवकासारखा) व्यवसायाचं नाव सुचवतो, मग आयोगांपुढे जाहीर सुनावणी होते. आपल्याकडे नाव सुचवायचा अधिकार नगरसेवकाला दिला, तर यादीत कोणाची दुकानं येतील ते वॉर्डातलं पोरही सांगेल. त्यापेक्षा निकष कागदावर तपासता येतील असे हवेत: गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, किती वर्षांचा, क्षेत्रफळ किती, मालकी कोणाची. मोठ्यांना वगळायची रेषाही १९९९च्या कायद्यात तयार आहे. एक कोटी रुपये किंवा जास्त भरणा भांडवलाच्या (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या) कंपन्यांना तो कायदा संरक्षण देत नाही. तीच रेषा इथे वापरावी. आणि तीस वर्षांची अट मला मान्य नाही. पाच वर्षांपूर्वी दुकान टाकलेल्या बाईला मुदतीची गरज जास्त असते, तिच्या मागे बापजाद्यांची पुंजी नसते.

पुनर्विकासाचंही बोललं पाहिजे, कारण मुंबईत दुकानं मारण्यात भाड्याच्या बरोबरीनं त्याचा हात आहे. जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत गाळा मिळतो, पण मधली चार-पाच वर्षं गिऱ्हाईक थांबत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतही २०१३च्या नियमानं जुन्या लाकडी इमारती भूकंपासाठी बळकट करायला घेतल्या, तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांची अशीच फरफट झाली. रोख अनुदानाला माझा कुठे मनापासून होकार असेल, तर तो या मधल्या काळासाठी, त्याच वॉर्डात तात्पुरती जागा घेण्यापुरता.

आणि सुरुवात करायला महापालिकांना सगळ्यात जवळची जागा आहे: त्यांचे स्वतःचे गाळे. जळगावात महापालिकेच्या गाळ्यांचं वाढवलेलं भाडं आणि थकबाकी यांवरून वर्षानुवर्षं मोर्चे, नोटिसा, कोर्टकज्जे चाललेत, आणि राज्यातल्या इतर शहरांतही हेच दुखणं आहे. मुदत संपू द्यायची, काही वर्षं निर्णयच घ्यायचा नाही, मग रेडीरेकनर (सरकारी बाजारमूल्य दर) लावून मागची थकबाकी एकदम हातात द्यायची, असा मालक शहर स्वतःच असेल तर ते खासगी मालकाला काय शिकवणार? पुढच्या नूतनीकरणाला प्रत्येक गाळ्याचा करार दहा वर्षांचा करा, वाढ आधीच लिहा आणि मुदत संपायच्या एक वर्ष आधी पुढचा निर्णय लेखी द्या. एखाद्या 'ड' वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान गटातल्या, महापालिकेलाही एवढं झेपेल.