पाय बधिर होणं म्हणजे पाय सरावणं नव्हे

‘शिकारीचे बूट आणि कोरडे पाय : जुन्या शिकाऱ्यांची सात सूत्रं’ या मथळ्याचा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. मी तो तीन वेळा पाहिला आणि तीनही वेळा सोडून दिला. चौथ्यांदा तो माझ्या भाच्याकडून आला. परवाना काढून शिकार करता येते अशा देशात तो राहतो. पुढच्या महिन्यात तो पहिल्यांदाच बदकांच्या शिकारीला पाणथळीत जाणार आहे. मजकुराखाली त्याने लिहिलं होतं, “मावशी, यात सांगितलेत तसेच बूट घेतलेत. मोजे एकच जोड नेतोय, जास्त लागत नाहीत म्हणे.” आता गप्प बसणं शक्य नाही.

सुरुवात पाचव्या सूत्रापासून करते. बाकीची सूत्रं पाळली तर पाय भिजतील. हे पाळलं तर पाय गमवायची वेळ येऊ शकते. ते असं आहे : ‘थंड पाण्यात पाय बधिर झाले तर घाबरू नका, पाय सरावले असं समजा आणि चालत राहा. मुक्कामी पोचल्यावर जोरात चोळून शेकोटीशी धरा. बर्फ नसेल तर पायाला काही होत नाही.’

यातलं एकही वाक्य खरं नाही. पायाला इजा व्हायला बर्फ लागतच नाही. थंडी, ओल आणि वेळ एवढ्या तीन गोष्टी पुरतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलपाण्यात उभं राहून एकट्या ब्रिटिश सैन्यात सुमारे 75,000 जणांना ही दुखापत झाली, आणि तिचं ‘ट्रेंच फूट’ हे नाव त्या खंदकांवरूनच पडलं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने थंडीत काम करणाऱ्यांसाठी याची माहिती दिली आहे, ती कुणीही वाचावी. तिथे स्पष्ट म्हटलं आहे की पाय सतत ओले राहिले तर 60 अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण 16 अंश सेल्सिअस तापमानातही ट्रेंच फूट होऊ शकतं. कारणही दिलं आहे : ओला पाय कोरड्या पायापेक्षा 25 पट वेगाने उष्णता गमावतो. ती वाचवण्यासाठी शरीर पायाच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, रक्त कमी पोचतं आणि प्राणवायूवाचून पायाची कातडी आणि ऊती मरू लागतात. आधी लाली, मुंग्या, बधिरपणा, सूज, मग फोड, आणि हयगय झाली तर गँगरीन. म्हणजे हा मजकूर ज्याला ‘सरावणं’ म्हणतो ती धोक्याची खूण आहे.

शेकोटीचा सल्ला तर सरळ घातक आहे. बधिर पायाला चटका कळत नाही, त्यामुळे कातडी भाजेपर्यंत माणूस पाय तसाच धरून बसेल. चोळल्याने आधीच दुखावलेल्या ऊतींना आणखी इजा होते. करायचं ते साधं आहे. बूट आणि ओले मोजे लगेच काढायचे, पाय हलक्या हाताने टिपून कोरडे करायचे, उबदार ठेवायचे आणि शक्यतो त्यांवर चालायचं नाही. संवेदना परत येत नसेल तर डॉक्टरांकडे जायचं.

पहिली दोन सूत्रं एकत्रच घेते : ‘बूट वॉटरप्रूफ असला की पाय कोरडाच राहतो’ आणि ‘मोजे दिवसभर बदलू नका, बूट उघडला की ओल आत शिरते’. पाणी फक्त बाहेरून येतं असं धरून चालल्याची ही चूक आहे. घाम आतच तयार होतो, आणि जो रबरी बूट पाणी आत येऊ देत नाही तो घामही बाहेर जाऊ देत नाही. याची किंमत 1950 च्या हिवाळ्यात कोरियात, चोसिन जलाशयाजवळ लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी मोजली. त्यांच्या पायांत खाली रबर आणि वर चामडं असलेले ‘शूपॅक’ होते. चालताना पाय आत घामाने भिजत, थांबलं की तीच ओल गोठे, आणि कित्येकांना हिमदंश झाला. पुढे सैन्याने लोकरीचा थर रबराच्या दोन पदरांत बंद केलेला बूट आणला. त्यातही पाय घामेजतो, पण ऊब धरणारा थर भिजत नाही.

शिकारीचा दिनक्रम नेमका असाच असतो. पहाटेच्या अंधारात सामान पाठीवर घेऊन भराभर चालायचं आणि मग तासन्‌तास हालचाल न करता बसायचं. म्हणून चालताना पातळ मोजे घालायचे, जागेवर पोचलं की पाय पुसून कोरडे लोकरी मोजे चढवायचे. दोन मिनिटांचं काम आहे. मोज्यांचे किमान दोन जादा जोड पिशवीत हवेतच, तेही पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

‘श्वास घेणाऱ्या’ पडद्याचे बूट असतात, हे मान्य. बॉब गोर या अमेरिकी अभियंत्याने 1969 मध्ये टेफ्लॉन ताणून जो सच्छिद्र पदार्थ केला त्यातून गोर-टेक्स हा बुटांतला पडदा आला. त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण वाफ बाहेर जाते. मात्र आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि दमट असेल तरच ती जाते. वरचं चामडं पाण्याने चिंब झालं किंवा बूट घोटाभर पाण्यात असला की वाफ जवळजवळ अडकतेच.

तिसरं सूत्र सुती मोज्यांचे दोन जोड घालून बूट घट्ट बसवायला सांगतं. सुती मोजा घाम शोषतो आणि तसाच ओला राहतो. लोकर वजनाच्या सुमारे 30 टक्के ओल घेऊनही ओली वाटत नाही. आणि घट्ट बुटात रक्त फिरत नाही, बोटं आणखी गार पडतात. बोटं आत मोकळी हलली पाहिजेत.

चौथं चरबीचं : ‘जुने शिकारी नुसत्या चामड्याला चरबी चोळत, त्यांना रबर लागलं नाही.’ यात अर्धं सत्य आहे. चरबी किंवा मेण चामड्यात पाणी मुरणं लांबवतं. पण शिवणी उघड्याच राहतात, आणि फार चोळलं तर चामडं ढिलं पडतं. चामडं पुरेना म्हणूनच लिऑन बीन या अमेरिकी शिकाऱ्याने 1912 मध्ये रबरी तळाला चामडी वरचा भाग शिवून शिकारीचा बूट विकायला काढला. पहिल्या 100 जोडांपैकी 90 शिवण उसवून परत आले. त्याने पैसे परत केले आणि बूट सुधारला. महायुद्धाच्या खंदकांत तर बुटाला नव्हे, थेट पायालाच तेल लावायची पद्धत होती, देवमाशाचं तेल वापरत. पण तिथे त्यासोबत रोज पाय तपासणं आणि मोजे बदलणंही सक्तीचं होतं. मजकुरात तेवढंच गाळलं आहे.

सहावं, मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी. कडक कोरड्या थंडीत पातळ मोज्यावर पिशवी आणि तिच्यावर जाड मोजा असं करतात, जाड मोजा घामाने भिजू नये म्हणून. पाय त्यात ओलाच राहतो, म्हणून रात्री तो सुकवावाच लागतो. सातवं, बूट आगीवर सुकवणं : डिंक सुटतो, चामडं तडकतं. आतला तळ काढून बुटात वर्तमानपत्र कोंबा आणि ते बदलत राहा.

या सात सूत्रांत बूट विकत घेताना काय पाहायचं हे कुठेच नाही. बुटाची जीभ, म्हणजे नाडीखालची पट्टी, दोन्ही कडांना किती उंचीपर्यंत शिवलेली आहे ते पाहा, कारण पाणी अडवण्याची बुटाची खरी उंची तिथे संपते. आणि घरीच तपासा : बुटात कोरडा कागद घाला, टबात घोट्यापर्यंत पाणी घ्या आणि रिकामा बूट हाताने दाबून अर्धा तास त्यात धरा. आत पायच नाही, म्हणजे घामाचा प्रश्न नाही. कागद ओला झाला तर बूट गळतो.

भाच्याने काल हे केलं. उजव्या बुटातला कागद कोरडा निघाला. डाव्यातला जिभेच्या शिवणीजवळ भिजला होता. आज तो जोड बदलून घ्यायला गेला आहे, आणि लोकरी मोज्यांचे तीन जोड आणणार आहे.