ब्रायटन नुसत्या पैशावर उभा राहिलेला नाही

नमस्कार. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या ब्रायटन या फुटबॉल क्लबबद्दल ‘टोनी ब्लूमसारखा गडगंज मालक मिळाला की कुठलाही क्लब वर येतो, व्यवस्थापनाचं कौतुक कशाला? ब्रायटन खेळाडू विकून जगतो, कपाटात एक मोठा चषक नाही,’ असं तुम्ही लिहिलंय.

पैशाचं मान्य. ब्लूम यांचं बिनव्याजी कर्ज एका टप्प्यावर ४० कोटी पौंडांच्या वर होतं. त्याशिवाय २०११ चं स्टेडियम झालंच नसतं. पण मग २०२२-२३ चा हंगाम बघा. लंडनच्या श्रीमंत चेल्सी क्लबने ब्रायटनचा बचावपटू कुकुरेया नेला, सप्टेंबरमध्ये प्रशिक्षक पॉटरही नेले, त्या वर्षी खेळाडूंवर ५० कोटी पौंडांहून जास्त उधळले. लीगमध्ये चेल्सी बारावा आला. ब्रायटन सहावा, आणि इतिहासात पहिल्यांदाच युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेसाठी पात्र.

खेळाडू विकतात, पण कसे? मधल्या फळीतल्या कायसेडोचंच घ्या. २०२१ मध्ये इक्वेडोरहून साधारण ५० लाख पौंडांत आणलेला पोरगा. आधी बेल्जियममध्ये उसना खेळवला, मग त्याच जागी खेळणारा बिसुमा टॉटनहॅम क्लबला गेल्यावर त्याची जागा दिली. जानेवारी २०२३ मध्ये आर्सेनलची घसघशीत बोली आली, कायसेडोने इन्स्टाग्रामवर ‘मला जाऊ द्या’ लिहिलं. क्लबने त्याला खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत संपेपर्यंत सरावापासून लांब राहायला सांगितलं आणि बोली नाकारली. मार्चमध्ये त्याच्याशीच नवा करार केला. ऑगस्टमध्ये तो चेल्सीला गेला तो १० कोटी पौंडांना, वर अटी पूर्ण झाल्या तर आणखी दीड कोटीपर्यंत. त्याच महिन्यात त्याच्या जागी फ्रान्सच्या लील क्लबकडून बालेबा आला. हंगामाच्या मध्यावर एवढा पैसा समोर असताना नाही म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. जो जाणार त्याच्या जागी कोण, हे आधी ठरलेलं असलं की घाबरून विकावं लागत नाही.

मालक वाईट असला की काय होतं, तेही याच क्लबने भोगलंय. १९९५ मध्ये तेव्हाच्या मालकांनी गोल्डस्टोन मैदान विकलं, नवं मैदान हातात नसताना! ३ मे १९९७ ला हंगामाच्या शेवटच्या सामन्यात हेरेफर्डमध्ये बरोबरी झाली नसती तर क्लब फुटबॉल लीगमधूनच, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या चार श्रेणींतूनच, बाहेर गेला असता. रॉबी राइनेल्टने गोल केला म्हणून निभावलं. त्यानंतर दोन वर्षं ‘घरचे’ सामने सुमारे ११० किलोमीटरवरच्या जिलिंगहॅमला, पुढची बारा वर्षं ॲथलेटिक्सच्या विदडीन मैदानावर. तिथपर्यंत क्लब जिवंत ठेवला तो ब्लूम यांच्या आधीचे अध्यक्ष डिक नाइट आणि प्रेक्षकांनी, हे ब्लूम यांच्या कौतुकात विसरायला नको.

चषकाची खंत मात्र मलाही आहे. १९८३ चा एफए कप या इंग्लंडच्या जुन्या बाद फेरीच्या स्पर्धेचा अंतिम सामना फेरसामन्यात मँचेस्टर युनायटेडने हिसकावला, त्यानंतर ब्रायटन तिथवर पोहोचलेला नाही. त्यासाठी एखाद्या उन्हाळ्यात सगळ्यात चांगले खेळाडू विकायचेच नाहीत, असं ब्लूम यांनी ठरवायला हवं. परवडेल त्यांना, आणि ते त्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं.