‘पगार अडवला नाही तर मुलं डोक्यावर बसतील’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार कारखानदार साहेब,

‘एक छोटा कारखानदार’ एवढंच नाव टाकून तुम्ही लिहिलंत, म्हणून ही हाक. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा हिशेब अडवू नका, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलेच तापलात. चार ओळींत भागणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. नाशिकच्या अंबडला तुमचा सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा, गाळा आहे, चौदा माणसं. आयटीआय करून आलेला मुलगा तीन वर्षांत ऑपरेटरचा सेटर (प्रत्येक पार्टसाठी मशीन जुळवून देणारा) झाला, तोही तुमच्याच हाताखाली. दिवाळीचा बोनस खिशात पडला आणि पुढच्याच महिन्यात, ऐन डिस्पॅचच्या आठवड्यात, रात्री व्हॉट्सॲपवर ‘सर उद्यापासून येत नाही’ एवढं लिहून तो गेला. मागच्या लाइनीतल्या गाळ्यात दोन हजार जास्त मिळाले. तुम्ही त्याचा सतरा दिवसांचा पगार रोखलाय, त्याची मूळ मार्कशीट तुमच्या कपाटात आहे. शिवाय मला सुनावलंत, ‘फी मालकाकडून घ्यायची आणि वकिली कामगाराची करायची. सुप्रीम कोर्टानेसुद्धा बॉण्ड (मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायची अट) मान्य केलाय, ते का नाही लिहिलं?’

फी मालकाकडूनच घेतो, म्हणून तर हे सांगतो. पगार अडवण्यात तुमचंच नुकसान जास्त आहे. त्या मुलाची बाजू मला घ्यायची नाही. तो ज्या तऱ्हेने गेला ते वाईटच. तीन वर्षं शिकवणाऱ्या माणसाला समोर येऊन सांगायला हवं होतं, निदान चालू लॉट तरी काढून द्यायला हवा होता. तुमचा राग मला समजतो. पण रागाने हिशेब केला की तो कामगार कार्यालयात टिकत नाही.

आधी कायद्याचं उरकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, म्हणजे पगाराचा नवा केंद्रीय कायदा, लागू झाली. तिच्यात माणूस काढला असो की स्वतः राजीनामा देऊन गेलेला असो, त्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असं आहे. राजीनाम्याचा मुद्दाम उल्लेख आहे. ‘पुढच्या महिन्याच्या सात तारखेला बघू’ ही आपली जुनी सवय नोकरीत असलेल्यांपुरती ठीक, गेलेल्याला ती लागू नाही. आणि ही संहिता माणसं किती ते विचारत नाही. चौदा असोत की चार.

तुम्ही म्हणता, नोटीस दिली नाही म्हणून तेवढे पैसे कापले. पगारातून काय काय कापता येतं याची यादी त्याच कायद्यात आहे: गैरहजेरी, उचल, दंड, ताब्यात दिलेल्या वस्तूचं त्याच्या हलगर्जीपणाने झालेलं नुकसान, पीएफ, कर वगैरे. नोटिशीचा पगार त्या यादीत नाही. तो फक्त एका जागी डोकावतो: दहा किंवा जास्त जणांनी संगनमताने, सूचना न देता, सबळ कारण नसताना काम बंद केलं, तर करारात तशी अट असेल तेव्हा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. हे १९३६ च्या पगाराच्या जुन्या कायद्यातही होतं. तुमचा तर एकटाच मुलगा गेला. त्याच्याकडून नोटिशीचे पैसे हवेच असतील तर नेमणूकपत्रातल्या अटीच्या जोरावर वेगळे मागा, पगार मात्र देऊन टाका. आता तुमच्याकडे नेमणूकपत्र आहे का, हा पुढचा प्रश्न. प्रतिक्रियेत त्याचा कुठेच उल्लेख नाही, त्यावरून माझा अंदाज मी बांधला.

तो तक्रार करणार नाही अशी तुमची खात्री दिसते. कदाचित नाही करणार. पण मुदत तीन वर्षांची आहे. पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची, त्याची नाही. आणि निकाल विरुद्ध गेला तर अडवलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई लावता येते. सतरा दिवसांच्या पगारासाठी एवढं डोक्यावर घेऊन फिरायचं? मार्कशीटचं तर बोलूच नये. ती त्याची वस्तू आहे, तुम्हाला तिच्यावर कसलाच हक्क नाही. तो उद्या पोलिसात गेला तर ‘सांभाळायला ठेवली होती’ हे उत्तर तुम्हालाच हास्यास्पद वाटेल.

आता उचलीचं. तुम्ही लिहिलंय की गणपतीत त्याने दहा हजार उचलले होते आणि ते आधी वसूल करणार. जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. पण एका पगारातून एकूण कपात निम्म्याच्या वर जाता कामा नये. तुमचेच आकडे घेऊ. पगार २६,००० म्हणजे २६ दिवसांनी भागून रोजचे हजार. सतरा दिवसांचे १७,०००. कपातीची कमाल मर्यादा ८,५००. त्यात व्यवसायकराचे २०० आले. उचलीपोटी उरले ८,३००. म्हणजे ८,५०० त्याच्या खात्यात जातील आणि उचलीचे १,७०० येणे राहतील, ते लेखी मागायचे. पीएफ तुम्हाला वीस माणसांखाली असल्याने नाही, आणि २१,००० च्या वर पगार असल्याने तो ईएसआयमध्येही (कामगार विमा योजनेतही) नाही, म्हणून हिशेब इतका सुटसुटीत आला. शिल्लक भरपगारी रजेचे आणि न दिलेल्या ओव्हरटाइमचे पैसे याच्या वेगळे. ओव्हरटाइम दुप्पट दराने. इथे बहुतेक गाळ्यांत गाडी अडते, कारण ओव्हरटाइम ‘सिंगल’ दिलेला असतो आणि वहीत तसाच लिहिलेला असतो. तुमच्या वहीत काय आहे ते तुम्हाला माहीत. पण ज्या माणसाला तुम्ही सतरा दिवसांसाठी चिडवताय, तोच माणूस तीन वर्षांच्या ओव्हरटाइमचा फरक मागू शकतो, एवढं लक्षात असू द्या.

सुप्रीम कोर्टाचं म्हणाल तर तो निकाल मीही वाचलाय. मे २०२५ चा, विजया बँकेचा. अट अशी होती की तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायचे, आणि कोर्टाने ती वैध ठरवली. पण तपशील बघा. नोकरी अधिकाऱ्याची, वरच्या हुद्द्याची. अट आधीपासून लेखी. सरकारी बँकेला जाहिरात, परीक्षा, मुलाखती अशा रीतसर मार्गानेच भरती करावी लागते, त्याचा खर्च आणि वेळ कोर्टाने धरला. त्या हुद्द्याच्या मानाने दोन लाख फार नाहीत असंही पाहिलं. आणि बँकेने त्याचा पगार दाबून ठेवला होता असा तो वादच नव्हता. आपल्याकडचा ‘बॉण्ड’ म्हणजे काय असतं? कोरा स्टॅम्प पेपर, खाली सही, सोबत एक कोरा चेक. (स्टॅम्प आता शंभरचा चालत नाही, पाचशेचा लागतो, त्यामुळे हौसही महाग झाली आहे.) कराराच्या कायद्यात ठरवलेली रक्कमसुद्धा वाजवी भरपाईच्या मर्यादेतच मिळते. कोऱ्या कागदावर नंतर भरलेला आकडा कुठल्या खर्चाचा, हे तुम्ही काय दाखवणार?

बॉण्ड घ्यायचाच तर खऱ्या खर्चाचा घ्या. उदाहरणार्थ मुलाला पुण्याला पाच अक्ष मशीनच्या ट्रेनिंगला पाठवलंत, फी भरलीत, राहण्याचा खर्च केलात, तर तेवढ्याच बिलांची रक्कम लिहा आणि दर महिन्याला ती बाराव्या हिश्श्याने कमी होत जाईल असं ठेवा. वर्षभराने शून्य. असं पत्र मुलगा वाचून सही करतो, आणि सोडताना निम्मे पैसे भरून जाणारीही मुलं असतात. गाळ्यातल्या गाळ्यात हाताखाली शिकला त्याचे पैसे मात्र मागू नका. ती तीन वर्षं त्याने तुम्हाला मालही काढून दिलाय.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ आहे, बाकी सगळ्या रागापेक्षा मला ती महत्त्वाची वाटली: ‘तो गेला आणि दोन मशीन तीन दिवस उभ्या राहिल्या, कारण त्या पार्टची सेटिंग त्यालाच माहीत.’ साहेब, नुकसान इथे झालं. त्याने महिनाभर आधी नोटीस दिली असती तरी तो महिना तुम्ही त्याला उत्पादनालाच जुंपलं असतं आणि एकतिसाव्या दिवशी मशीन तशीच उभी राहिली असती.

प्रत्येक पार्टची सेटिंग शीट करा. ए-फोरचा एकच कागद पुरे. प्रोग्रॅम नंबर, जॉ (नग पकडणारे जबडे) कुठले आणि त्यांचा बोअर किती, कुठल्या स्टेशनला कुठलं टूल आणि कुठला इन्सर्ट (टूलची बदलायची धार), वर्क ऑफसेट (मापाची सुरुवात) कुठून घ्यायचा, कुठलं माप सरकतं आणि किती नगांनी टूलचा ऑफसेट (सरकलेल्या मापाची दुरुस्ती) द्यावा लागतो. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं, कारण ते कुठल्याच ड्रॉइंगवर नसतं, सेटरच्या खिशातल्या छोट्या डायरीत असतं. ती डायरी त्याच्याबरोबर जाते. कागद मशीनच्या दाराला आतून प्लास्टिकच्या पाऊचमध्ये लावा, प्रोग्रॅमचा बॅकअप दर शनिवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घ्या, आणि महिन्यातून एकदा ती सेटिंग दुसऱ्या मुलाकडून कागद बघून करून घ्या, मूळ सेटरने लांब उभं राहायचं. पहिल्यांदा वेळ जाईल, दोन नग रिजेक्ट होतील. जाऊ द्या. सेटर कुरकुर करतील, ‘माझी किंमत कमी होते’ म्हणून. त्यांना शीटमागे काहीतरी द्या. पूर्ण आणि तपासलेल्या शीटला दोनशे-तीनशे रुपये दिले तरी मशीन एक पाळी उभी राहण्यापेक्षा स्वस्तच पडतं.

नोटिशीचा कालावधी तुम्ही दोन महिने ठेवलाय म्हणता. कशासाठी? सेटरला पुढचा मालक आठ दिवसांत ये म्हणतो. दोन महिने थांबायला सांगितलं की त्याच्यापुढे एकच रस्ता उरतो, न सांगता जायचं. पंधरा दिवस ठेवा, दोन्ही बाजूंना सारखे. आणि कापायची भाषा सोडून द्यायची भाषा वापरा: नोटीस पूर्ण केली, शीट आणि गेज (माप तपासायची साधनं) समजावून दिले, तर अखेरच्या हिशेबात आठ दिवसांचा पगार जादा. हे नेमणूकपत्रातच लिहा. नेमणूकपत्र आता दहा किंवा जास्त माणसांच्या जागी द्यावंच लागतं, मग द्यायचंच आहे तर त्यात आपल्या उपयोगाचंही काही असू द्या. दिवाळीनंतर मुलं सोडतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मग मोठी ऑर्डर त्या आठवड्यांत एकाच सेटरच्या भरवशावर घेऊ नये. बोनस दोन हप्त्यांत, अर्धा दिवाळीला आणि अर्धा होळीला, असं करणारे मालक आहेत. मला ते पटत नाही. दिवाळीला पैसे कमी आले की मुलगा होळीपर्यंत थांबतो, पण मनाने तो त्याच दिवशी गेलेला असतो.

सगळ्या मालकांनी ठरवावं की एकमेकांची मुलं ना-हरकत पत्राशिवाय घ्यायची नाहीत, अशी सूचना तुम्ही केलीत. अंबड-सातपूरला पाळली समजा. मुलगा सिन्नरला जाईल, नाहीतर चाकणची गाडी पकडेल. आणि खरं सांगा, उद्या तुमच्याकडे अर्जंट लॉट असताना शेजारचा तयार सेटर दारात उभा राहिला, तर तुम्ही पत्र मागाल?

राहिला तुमचा मूळ मुद्दा, बाकीची मुलं डोक्यावर बसतील. ती तेरा मुलं आत्ता काय बघतायत? एकाने तीन वर्षं काम केलं आणि जाताना सतरा दिवसांचे पैसे बुडाले. यातून ती थांबायला शिकत नाहीत. पगार हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी जायचं, सतरा तारखेला जायचं नाही, एवढं शिकतात. म्हणजे पुढचा सेटर आठ तारखेला जाईल, मूळ कागद तुमच्याकडे कधीच देणार नाही, आणि तुम्हाला अडवायला काही उरणारही नाही.

दोन दिवसांची मुदत तुमची कधीच उलटली आहे. तरी आज भरलेले पैसे उद्यापेक्षा बरे. पैसे बँकेतूनच द्या, रोख नको. सोबत पत्र पाठवा. मजकूर देतो, तारखा आणि रजेची रक्कम घाला:

‘आपण दिनांक — पासून कामावर येणार नसल्याचा आपला संदेश मिळाला. तो राजीनामा समजून स्वीकारण्यात येत आहे. आपल्या सतरा दिवसांच्या वेतनाचा, ओव्हरटाइमचा व शिल्लक रजेचा हिशेब सोबत जोडला असून देय रक्कम आपल्या बँक खात्यात जमा केली आहे. उचलीपैकी रु. १,७०० आपल्याकडून येणे आहेत. आपली मूळ मार्कशीट कार्यालयात आहे. ती कामाच्या वेळेत सही करून घेऊन जावी. आपल्या ताब्यातील गेज व लॉकरची चावी त्याच वेळी जमा करावी. अनुभवपत्र सोबत आहे.’

अनुभवपत्रात हुद्दा आणि तारखा एवढंच लिहा, ‘न सांगता गेला’ वगैरे शेरा नको. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती फाइलला लावा. आणि मार्कशीट न्यायला आला की अर्धा तास बसवून घ्या आणि चहा पाजून विचारा, त्या पार्टचा ऑफसेट किती नगांनी द्यायचा. आठ हजार पाचशे खात्यात पडलेला मुलगा बहुतेक सांगतो.